तुळशीचा शेंडा वाकला

प्रभावती मुलीची बोटं तपासते, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. कुंदा शाळेला निघाली की उंबऱ्याशी थांबायची, पाटी-दप्तर खाली ठेवून दोन्ही हात पुढे करायची, बोटं ताठ करायची, मुठी मिटायची, पुन्हा उघडायची. प्रभावती एकेक बोट हातात घेऊन पाही आणि मग म्हणे, "जा." शेजारच्या चंदाबाई तोंडावर म्हणायच्या, "बी.एस्सी. झालेली माय हाये बाप्पा! नखातली माती बी दुर्बिणीतून पाह्यते."

प्रभावती हसून वेळ मारून नेई. नखं स्वच्छ आहेत की नाहीत, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. ती पाहत होती ते एवढंच, की बोटं सरळ आहेत ना.

ती मूळची अमरावतीची. वडील शाळामास्तर, पोरीला शिकवायचंच या हट्टानं त्यांनी तिला नागपूरला ठेवून वनस्पतीशास्त्र शिकवलं. लग्न होऊन ती यवतमाळला आली. नवरा देवराव एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहण्याचं काम करी. कापसाचा हंगाम सुरू झाला की आज महागाव, उद्या आणखी कुठला बाजार. घरी असला तर पाहुण्यासारखा. घरात सासू रुखमाबाई, प्रभावती आणि कुंदा, अशा तीन पिढ्यांच्या तिघी. कुंदा बालवाडीत जायला लागली तेव्हा प्रभावतीला गावातल्या कॉलेजात मुलांना प्रयोग दाखवण्याची नोकरी लागली. रुखमाबाई बाहेर सगळ्यांना सांगायच्या, "आमची सून कॉलेजात शिकवते." आणि घरात तिला विचारायच्या, "झाडाइचे नावं सांगाले पगार देतेत काय वं?"

कॉलेजात वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक सदाशिवराव. माणूस अबोल, पण सर्पगंधेचा विषय निघाला की थांबायचा नाही. रक्तदाबावर या झाडाच्या मुळाचं औषध होतं, म्हणून त्याला चहूकडून मागणी आलेली. मागणी मुळालाच, त्यामुळे जंगलात जो जाई तो झाड उपटूनच आणी. मूळ निघालं की झाड संपलं. सदाशिवरावांनी कुठंतरी वाचलं होतं, की झाडाच्या खोडाचा इवलासा तुकडा घेऊन, स्वच्छ बाटलीत ठेवून, त्याला नीट खाऊ घातलं तर तो जगतो, वाढतो, त्याला मुळंही फुटतात. त्यांनी सुताराकडून काचेच्या तोंडाची एक पेटी करून घेतली, स्पिरिटचा दिवा मांडला आणि प्रभावतीला म्हणाले, "करून बघू. आपल्याला कोण हसणार आहे? हसायला आधी समजावं लागेल."

कॉलेजात सगळं होतं, पण बाटल्या वाफेच्या दाबाखाली उकळून निर्जंतुक करायचं भांडं नव्हतं. ते प्रभावतीकडे होतं. देवरावानं नागपूरहून हौसेनं प्रेशर कुकर आणला होता. त्यामुळे बाटल्यांमधल्या तुकड्यांचा स्वयंपाक प्रभावतीच्या चुलखोलीत होऊ लागला. साखर, थोडे क्षार, घट्ट व्हायला चायना ग्रास, आणि नारळाचं पाणी. नारळ फुटून कोंब येतो तो त्या पाण्यावरच पोसतो. झाडाच्या तुकड्यालाही ते मानवतं.

"झाडाले खीर," रुखमाबाई म्हणाल्या. "चांगलं हाये. माणसाले भेटो न भेटो."

पण नारळाच्या बाबतीत त्यांनी एक अट घातली. यवतमाळात नारळ काही दारात वाढत नाही. तो येतो दुकानातून आणि जातो देवाकडे. देवापुढे न फोडता त्याचं पाणी बाटलीत ओतायचं, हे त्यांना पटेना. तेव्हा असं ठरलं, की दर शुक्रवारी रुखमाबाईंनी देवीपुढे नारळ फोडायचे, पाणी प्रभावतीच्या लग्नातल्या स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, धरायचं, देवीला दाखवायचं, घरातल्यांना तीर्थ म्हणून पळीपळी द्यायचं, एक पळी तुळशीला घालायची आणि उरलेलं सगळं प्रभावतीचं. मग ती ते उकळून, फडक्यातून गाळून काचेच्या चंबूत भरी. तो गंज त्यामुळे हळूहळू देवाचाच झाला. त्यात भाजी कोणी करत नसे.

नारळपाण्याखेरीज आणखी एक गोष्ट त्या खाऊत पडायची. वाढीचं औषध. सदाशिवराव त्याला टू-फोर-डी म्हणत. शेतातलं तण मारायला तेच औषध जास्त मापानं वापरतात, हेही त्यांनीच सांगितलं होतं. थेंबभर दिलं तर झाडाचा तुकडा फुगतो, वाढायला लागतो. जास्त झालं तर? ते दाखवायला त्यांनी कॉलेजमागे डब्यात लावलेल्या पऱ्हाटीवर ते थोडं शिंपडलं होतं. दोन दिवसांत कपाशीचं ते रुंद पान आकसून, पिळवटून कोंबडीच्या पंजासारखं झालं. शेंडा वाकला. पोरं हसली. कपाशीच्या मुलखातली पोरं, त्यांना ती गंमत वाटली आणि थोडं भयही. प्रभावतीनं त्यांना समजावलं, "हे झाड उपासानं मरत नाही. वाढून वाढून मरतं. कुठं वाढावं आणि कुठं थांबावं, हे त्याला कळेनासं होतं." बोलताना ते वाक्य तिलाच फार छान वाटलं होतं.

चौसष्ट सालची थंडी होती. त्या शुक्रवारी रुखमाबाई सकाळीच कुंदाला घेऊन बाभुळगावला गेल्या होत्या. त्यांच्या भाचीला मुलगा झाला होता आणि त्याची पाचवी पुजायची होती. संध्याकाळच्या मोटारीनं येणार होत्या. सदाशिवरावांना बाटल्या शनिवारी हव्या होत्या. प्रभावतीनं विचार केला, एक शुक्रवार देवी समजून घेईल. तिनं स्वतःच नारळ फोडले, पाणी उकळलं, गाळलं. गरम पाणी ओतताना काचेच्या चंबूला तडा गेला. खाली मांडलेल्या गंजात पाणी वाचलं, एवढंच. दुसरं स्वच्छ भांडं नव्हतं. तिनं ठरवलं, आज गंजातच सगळं कालवायचं आणि मग बाटल्यांत भरायचं. औषधाच्या बाटलीत तिनं काचेची नळी बुडवली आणि तोंडानं ओढून खुणेपर्यंत औषध वर घेतलं.

तेवढ्यात बाहेरून चंदाबाईंची हाक आली, "नळ आला वो प्रभाबाई! चालता का राह्यता?"

यवतमाळात नळाला पाणी येणं म्हणजे काय, हे परगावच्या माणसाला सांगून समजत नाही. घरातले सगळे घडे रिकामे होते. प्रभावती कळशी आणि घागर घेऊन तशीच धावली.

नळावर नेहमीची झोंबी होती. पाणी बारीक. चंदाबाई कोणाला तरी म्हणत होत्या, "तुह्या घागरीले बूड हाये का नाही? कवाची भरून राह्यली!" सगळ्या हसल्या, प्रभावतीही हसली. त्या हसण्याची तिला पुढे किती वर्षं लाज वाटत राहिली.

भरलेली कळशी कमरेवर घेऊन ती घरी आली तेव्हा दार उघडं होतं आणि ओट्यावर रुखमाबाईंच्या वहाणा होत्या. आत कापराचा वास होता. कुंदा देव्हाऱ्यापुढे बसून रिकाम्या पेल्याचा तळ चाटत होती.

"आल्या तुम्ही, आत्याबाई? संध्याकाळी येणार होता ना?"

"जिनिंगचा ट्रक येत होता इकडं, तं म्हनलं बसून जाऊ. मोटारीची वाट कोन पाह्यते." रुखमाबाई पदरानं वारा घेत होत्या. "पोट्टी ट्रकात धुळीनं कासावीस झालती. घरात पाहतो तं पान्याचा थेंब नाही. बरं झालं, तुनं नारळ फोडून ठेवले होते."

प्रभावतीच्या कमरेवरची कळशी कलंडली. पाणी पायावर सांडलं.

"गंजातलं पाणी दिलं?"

"देवीले दाखवलं ना आधी. असंच कसं देईन? पन तीर्थ म्हून पळीभर पिऊन तिची तहान जाते काय? पेलाभर देल्लं. मी बी घेतलं थोडं."

"कडू होतं आई," कुंदा म्हणाली. "आजी म्हणे देवाचं आहे, टाकू नको."

काचेची नळी ओट्यावर आडवी पडली होती. ओली होती आणि रिकामी होती.

प्रभावतीनं डोळे मिटले आणि आठवायचा प्रयत्न केला. नळीत औषध वर आलेलं तिला दिसत होतं. चंदाबाईंची हाक ऐकू येत होती. घागरीचा काठ हाताला लागलेला आठवत होता. पण मधलं? औषध गंजात सोडलं, की परत बाटलीत? भरलेली नळी ती कधी तशीच टाकत नसे, एवढं खरं. म्हणजे ती कुठंतरी रिकामी केली होती. कुठं? बाटलीत औषध किती होतं, हे तिनं आधी पाहिलं नव्हतं. गंजाला नाक लावलं तर नारळाचा आणि कापराचा वास आला. आणि बाटल्यांत भरताना बाकीचा सगळा पातळ खाऊ मिसळायचा होता, तो तर अजून मिसळलाच नव्हता. गंजात औषध पडलं असलंच, तर ते दाट होतं.

तिनं कळशीतलं पाणी पेल्यात घेतलं, मूठभर मीठ टाकलं आणि कुंदाला जवळ ओढलं. "पी."

"मला नको आता."

"पी म्हणते ना!"

कुंदा घाबरून प्यायली. प्रभावतीनं तिला मोरीत नेलं, घशात बोट घातलं. मुलगी ओकली, रडली, पुन्हा ओकली. रुखमाबाई दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय करून राह्यली वं? तीर्थ ओकवते लेकराकडून?"

"नारळ नासका होता, आत्याबाई." खोटं तिच्या तोंडात आपोआप आलं. "तुम्हीही मिठाचं पाणी घ्या."

"मले काही झालं नाही. आनि देवीचं तीर्थ मी मोरीत टाकत नसतो." रुखमाबाई वळल्या. जाता जाता म्हणाल्या, "लय शिकली तू. इतकं शिकू नाही मानसानं."

प्रभावतीनं कुंदाला शालीत गुंडाळलं आणि सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टर तरुण होता, तोंडावरून थकलेला. "कपाशीवर फवारायचं औषध का?" त्यानं लगेच विचारलं. हंगामात तो ते दर आठवड्याला पाहत असावा. तिनं सांगितलं, ते नव्हे. तण मारायचं, आणि फार थोडं, आणि ते खरंच पोटात गेलं की नाही तेही नक्की नाही. तिनं शास्त्रातलं नाव सांगितलं. डॉक्टरनं मुलीच्या डोळ्यांत पाहिलं, छातीला नळी लावली, गुडघ्यावर टिचकी मारली.

"बाई, हे माणसानं प्यायलेलं मी पाहिलेलं नाही," तो म्हणाला. "घाबरू नका, असं मला म्हणता येत नाही. घाबरा, असंही म्हणता येत नाही. उलटी काढलीत ते बरं केलंत. आता नजर ठेवा. गुंगी आली, चालताना अडखळली, हातपाय ताठरले, बोटं आखडली, तर लगेच आणा."

बोटं आखडली तर. हे ऐकल्यावर प्रभावतीला त्या डब्यातली पऱ्हाटी दिसली. पिळवटलेली पानं, कोंबडीच्या पंजासारखी.

घरी आल्यावर दमलेली कुंदा झोपली. लहान मूल ट्रकातून आलेलं, ओकलेलं, रडलेलं, झोपणारच. पण ही झोप आहे की गुंगी? प्रभावती तिला हलवून उठवी. कुंदा किरकिर करून डोळे उघडी. प्रभावती म्हणे, "हात दाखव. मूठ मिट. उघड." मूल झोपलं की बोटं आपोआप मिटतात, हे कोणत्याही आईला ठाऊक असतं. त्या संध्याकाळी मिटलेली मूठ पाहिली की ती एकेक बोट सोडवून सरळ करी.

"लेकराले झोपू दे ना वं!" रुखमाबाई म्हणाल्या. "नासक्या नारळानं असं कोनी मरत नाही. मले सांग, काय हाये?"

"काही नाही, आत्याबाई."

सांगावंसं तिला वाटत होतं. सांगण्यानं निदान भीती वाटून घेता आली असती. पण सांगितलं की ते खरं होईल, असं काहीसं तिच्या मनात बसलं. तिनं स्वतःची समजूत घातली, की औषध आपण परत बाटलीतच सोडलं असणार. आपण काळजीनं काम करणाऱ्या आहोत. आपण असं करणारच नाही. जुन्या नारळाचं पाणी कडवटही लागतं. दिवेलागणीपर्यंत तिला ते जवळजवळ पटलंही होतं.

रुखमाबाई तुळशीपुढे दिवा लावायला अंगणात गेल्या. फार वेळ आत आल्या नाहीत, म्हणून प्रभावती दारापर्यंत गेली. सासू निरांजन हातात धरून तशीच उभी होती. दिव्याच्या उजेडात तुळस दिसत होती. सकाळी ताठ असलेला तिचा कोवळा शेंडा एका बाजूला झुकला होता, कोणी मान खाली घालावी तसा.

"थंडी पडून राह्यली," रुखमाबाई पुटपुटल्या. "थंडीनं होते असं."

"हो," प्रभावती म्हणाली.

दोघी एकमेकींकडे न पाहता आत आल्या. त्या रात्री दोघींपैकी कोणाचाच डोळा लागला नाही, आणि दोघींनीही झोपल्याचं सोंग केलं.

सकाळी सगळ्यात आधी उठली ती कुंदा. "भूक लागली," म्हणाली आणि शिळी भाकर दुधात कुस्करून खायला बसली. चालत होती, बडबडत होती, बोटांनी भाकरीचे तुकडे वेचत होती. प्रभावतीला हुंदका फुटणार होता, तोच अंगणातून रुखमाबाईंची हाक आली. हाक कसली, नुसता आवाज.

तुळशीचे सगळे कोवळे शेंडे वळून खाली आले होते. पानांच्या कडा आत मुडपल्या होत्या, देठ पिळवटले होते. थंडीनं असं होत नाही. पाण्यावाचूनही असं होत नाही. असं कशानं होतं, ते प्रभावतीनंच कॉलेजमागे मुलांना समजावलं होतं.

नेमाची एक पळी काल गंजातून तुळशीलाही मिळाली होती. म्हणजे औषध गंजातच पडलं होतं. कुंदा प्यायली होती.

रुखमाबाई मटकन वृंदावनाच्या कट्ट्यावर बसल्या. "मीच केलं," त्या म्हणाल्या. "माह्या हातानं झालं."

"तुम्ही काय केलं?"

"पाचवीच्या घरून आली मी. जन्माचा सुयेर होता तिथी. बाळंतिनीले शिवली, लेकरू मांडीवर घेतलं. आंगावर पानी घेतल्याबिगर देवाले शिवू नाही, हे मले कोनी शिकवावं काय? पन घरात पान्याचा थेंब नाही, पोट्टी पानी पानी करून राह्यली. देवाले दाखवल्याबिगर नारळाचं पानी देता येत नाही. म्हून मी तशीच, सुयेराच्या हातानं..." त्यांनी तुळशीकडे बोट केलं. "काल दिवा लावाले गेली तं शेंडा वाकला. म्या म्हनलं, देवी सांगून राह्यली. आता हे पाह्य. घरची तुळस अशी मान टाकते, तं घरातलं कोनीतरी... प्रभे, माह्या पापानं त्या लेकराले काही झालं तं?"

प्रभावती गप्प राहिली असती तर चाललं असतं. कोणाला काही कळलं नसतं. सासूनं प्रायश्चित्त म्हणून उपास केले असते, तुळस बदलली असती, गंज पुन्हा देव्हाऱ्यापुढे आला असता. पण ही बाई रात्रभर तिच्यासारखीच जागी होती. आणि जे भय प्रभावतीचं होतं, ते ती उगाच आपल्या अंगावर ओढून बसली होती.

"आत्याबाई, तुमच्यामुळे काही झालं नाही," ती म्हणाली, आणि त्यांच्याशेजारी बसून तिनं सगळं सांगितलं. चंबूला तडा गेला ते, नळी, चंदाबाईंची हाक, नासक्या नारळाचं खोटं, डॉक्टर काय म्हणाला ते, आणि हे शेंडे का वाकले तेही.

रुखमाबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "मंग सुयेरानं नाही झालं हे?"

"नाही."

त्यांनी एक मोठा श्वास सोडला. क्षणभर चेहरा सैल झाला. मग तो पुन्हा आवळत गेला. "तनाचं औषध," त्या म्हणाल्या. "देवाच्या गंजात. आनि म्या आपल्या हातानं पाजलं. काल सांगतली असती तं एका जागी बसून दोघी घाबरल्या असतो. तू तिकडं मरून राह्यली, मी इकडं."

"मला धीर झाला नाही."

"मीबी प्याली ना थोडं." त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले. सुरकुतलेले, आयुष्यभर भाकरी थापून जाड झालेले. "पाह्य बरं माहे बोटं. हे तं आधीचेच वाकडे हायेत. आता तुले कसं समजन?"

प्रभावतीला हसू आलं आणि रडूही. तिनं ते हात धरले. आतून कुंदा ओरडली, "आजी, दूध सांडलं!" आणि दोघी एकदम उठल्या, जणू दूध नव्हे, काहीतरी भलतंच सांडलं असावं.

कॉलेजात सदाशिवरावांनी तिच्याकडून सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मात्रा फार थोडी असणार," ते म्हणाले. "तुळस नाजूक. माणूस तुळशीसारखा नसतो. मला वाटतं, काही होणार नाही."

"सर, मुलांवर याचा पुढे काय परिणाम होतो, असं कुठं लिहिलं आहे का?"

"नाही."

"का नाही?"

त्यांनी चष्मा काढला. "बाई, मुलांना देऊन कोण पाहील?"

या प्रश्नावर प्रभावती पुढची कितीतरी वर्षं जगली. काम तिनं सोडलं नाही. पण औषधाची बाटली पुन्हा कधी घरात आली नाही. कॉलेजला दुसरा कुकर मिळेपर्यंत ती अडून बसली. रुखमाबाईंनी स्टीलचा गंज घासूनपुसून वर माळ्यावर टाकला. तो देवाचाही राहिला नाही आणि माणसांचाही. वृंदावनात नवी तुळस लागली.

बाटल्यांतले सर्पगंधेचे तुकडे त्या उन्हाळ्यात वाढू लागले. आधी कडेला सुजल्यासारखे झाले, मग त्यांचे पिवळट, ठिसूळ गोळे झाले. पान नाही, मूळ नाही, वर कुठलं आणि खाली कुठलं ते नाही, नुसती वाढ. सदाशिवराव हरखले. ज्याला त्याला बाटली दाखवू लागले. प्रभावती मात्र त्या गोळ्याकडे फार वेळ पाहू शकत नसे. जे वाढतं आहे, ते काय होणार आहे हे ठाऊक नसताना त्याला वाढताना पाहणं, हे तिला घरीही करावं लागत होतं.

कारण कुंदाही वाढत होती. इतर आया पोर उंच झाली की मीठमोहऱ्या ओवाळून टाकतात आणि मनातून सुखावतात. प्रभावतीला प्रत्येक वाढीचा धसका. दात पडला तर वेळेवर पडला का? केस भराभर वाढले तर इतके का? एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब तर नाही? अभ्यासात ती एखादा पाढा विसरली, की प्रभावतीचा जीव उडे. देवराव हंगाम संपवून घरी आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "पोरगी तर चांगली धडधाकट आहे. तू आता सोड ते." पण सोडायचं म्हणजे हातात काहीतरी असावं लागतं. तिच्या हातात काहीच नव्हतं. धडधाकट हा शब्द तिला फक्त त्या दिवसापुरता खरा वाटे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तपासून घ्यावा लागे. म्हणून रोज सकाळी उंबऱ्याशी ती बोटं.

कुंदाला सवय झाली होती. तिलाही ती नखांचीच तपासणी वाटे. आता ती हात पुढे करताना डोळेही फिरवायची. "रोजच्या रोज कशाला गं आई? शाळेत फक्त सोमवारी बघतात."

अडुसष्ट सालच्या जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी प्रभावतीनं पेटीतून गणवेशाचा झगा काढला आणि कुंदाला घालायला दिला. गेल्या वर्षीचा, गुडघ्याखाली येणारा. तो गुडघ्यांच्याही वर गेला होता. कुंदा आरशापुढे उभी राहून खिदळत होती, "आजी, पाहा, मी केवढी झाले!" प्रभावतीनं झग्याची खालची कड हातात धरली आणि ती गुडघ्यापासून किती बोटं वर आली ते मोजलं. एका वर्षात एवढी? एवढी कशी?

रुखमाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं. चार वर्षांत त्यांना ते पाहणं चांगलं ओळखीचं झालं होतं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"पोट्टी वाढून राह्यली, तं रडते काहून वं?"

"रडत नाही, आत्याबाई. फार भराभर वाढली असं नाही वाटत तुम्हाला?"

"तुहा नवरा बी असाच वाढला होता. एका सालात चड्ड्या मांडीवर आल्या होत्या. तवा म्या काय टू-का-फोर पाजलं होतं त्याले?" त्यांनी कुंदाला हाकारलं, "इकडं ये. काढ झगा."

झगा मांडीवर उलटा घेऊन त्यांनी खालची दुमड चाचपली. शिवताना प्रभावतीनंच आत चांगला चार बोटं कापड मुडपून ठेवलं होतं, मुलगी वाढेल म्हणून. रुखमाबाईंनी सुईच्या टोकानं टाके उसवायला सुरुवात केली. म्हातारीची नजर अधू झालेली, सुई सारखी चुकत होती. प्रभावती जवळ सरकली, तिनं सुई त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतः उसवू लागली. आत दडलेलं कापड न विटलेलं, गडद निळं होतं. ते उलगडत उलगडत खाली येत होतं.

कुंदा आतल्या परकरावर उभी, थंडी नसतानाही काखेत हात घालून.

"हात बाहेर काढ," प्रभावती म्हणाली, मान वर न करता. "बोटं दाखव."